पोदेराची सायकल आणि माझे सोळा गिअर

जुलैमधली गोष्ट. पहिल्या वर्षाचा एक मुलगा काळी, जुनी, आजोबांच्या वेळची म्हणावी अशी सायकल घेऊन कॉलेजच्या गेटातून आत आला. मागे भलंमोठं कॅरिअर, पुढे रॉडचे ब्रेक, चेनवर पत्र्याचं कव्हर. मुलगा पावसात चिंब भिजलेला. पार्किंगमध्ये आम्ही पाच-सहाजण उभे होतो. कुणीतरी तोंडानं भोंपू वाजवला, "पोंय पोंय", आणि ओरडलं, "पोदेर आयलो रे!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा माझ्या कमरेला माझी नवी (म्हणजे मला नवी, आधी दुसऱ्याची) रोड बाईक टेकलेली होती आणि तिच्यामुळे आपल्याला हसायचा परवाना मिळालाय असं मला वाटत असावं.

तो मुलगाही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो कदंबानं येऊ लागला.

त्याची माफी मी मागितली आहे, ते आमच्या दोघांत झालं. इथे लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात सायकलींची एक शिडी असते. खालच्या पायरीवर बिनगिअरची, मधे ती जाड टायरची दोन-दोन स्प्रिंगवाली, आणि सगळ्यात वर वाकड्या हँडलची रोड बाईक. खालून वर गेलं की प्रगती झाली. मी ती शिडी चढलो. चढून आठ महिने झाले. आणि माझं मत असं झालंय की ती शिडी खोटी आहे, आणि ज्यांना गिअर बदलायचे नाहीत त्यांनी गिअरची सायकल घेऊच नये.

आधी माझी जुनी सायकल सांगतो. ती बाबांची. बाबा तीवरून थिवीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला जायचे. स्कूटर आली तेव्हा ती पडवीत उभी राहिली आणि अकरावीत माझ्याकडे आली. आमचं घर अस्नोड्याच्या बाजूला, तिथून म्हापशाला कॉलेजपर्यंत साधारण अकरा किलोमीटर. रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. गोव्यातला रस्ता कुठेही तसाच: सखल शेत, पूल, मग चढ, वर सडा, मग परत खाली. सपाट म्हणावा असा तुकडा सलग दोन किलोमीटरही मिळत नाही. आणि सगळ्यात शेवटी, घाम पुसायची वेळ आली की, आपल्या कॉलेजचा चढ.

त्या सायकलचे दात मी मोजले आहेत. पुढच्या चक्रीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलची एक फेरी मारली की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. गुणाकार करा: एका फेरीत साधारण साडेपाच मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, जे कुणालाही आरामात जमतं, तर ताशी एकोणीस-वीस किलोमीटर. हा आकडा मूर्खपणाचा नाही. सपाट रस्त्यावर, मागे पन्नास किलोचं पोतं बांधून, चप्पल घालून, रोज, वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसासाठी कुणीतरी विचार करून ठरवलेला तो आकडा आहे. फक्त विचार करणाऱ्यानं गोव्याचे चढ बघितले नव्हते.

चढावर त्या सायकलला दोनच गिअर असतात: बसून आणि उतरून.

आणि इथे माझा पहिला मूर्खपणा. मी उतरत नव्हतो. अकरावी-बारावीत आमच्या वाड्यावरच्या पोरांत पैजच होती, कोण न उतरता चढ काढतो. उभं राहून, हँडल दोन्हीकडे हिसडत, दात आवळून वर जायचं, वर पोचल्यावर डोळ्यांपुढे काजवे, पण पाय जमिनीला लागलेला नाही! त्याच चढावर सकाळी पोदेर दिसायचा. मागे बांबूची मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, आत पाव, उंडे, काकणं. तो चढाच्या पायथ्याशी शांतपणे उतरायचा, हँडल धरून चालत वर जायचा, वर गेला की परत बसायचा आणि भोंपू वाजवायचा. रोज. त्याला कधी त्यात काही कमीपणा वाटला असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. बाबाही उतरायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उतरलं म्हणून काय झालं? कामावर जाऊन आठ तास उभं राहायचं असायचं." मला ते वय झाल्याचं लक्षण वाटलं होतं. बाबा तेव्हा पस्तिशीत होते, हे नंतर हिशोब केल्यावर कळलं.

मग रोड बाईक. पर्वरीच्या एका गृहस्थांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली, वर्षभर चालवून गॅलरीत ठेवलेली. दोन उन्हाळे मामाच्या दुकानात बसून जमवलेले अठरा हजार मी त्यांच्या हातावर ठेवले. पुढे दोन चक्र्या, ५० आणि ३४ दातांच्या. मागे आठ, अकरा दातांपासून बत्तीसपर्यंत. आठ दुणे सोळा. वजन अकरा किलोच्या आसपास. बाबांची वीसच्या घरात. पहिल्यांदा एका हातानं उचलली तेव्हा खरंच हसू फुटलं.

आणि पहिले दोन-अडीच महिने ती सायकल मी एकाच गिअरवर चालवली.

हे वाचून हसाल, पण पार्किंगमध्ये जाऊन बघा. मी बघितलंय. गिअरच्या सायकली मोजल्या, नऊ होत्या. त्यातल्या सहांच्या मागच्या चक्र्यांवर एकाच दातांच्या रांगेत चकाकी होती, बाकी सगळ्या गंजलेल्या. म्हणजे चेन महिनोनमहिने तिथून हललेली नाही. दोघांच्या गिअरच्या तारा पावसानं जाम झालेल्या, लिव्हर दाबलं तरी हलत नव्हतं. एकानं मला प्रामाणिकपणे सांगितलं, "अरे, हलवलं की आवाज येतो, चेन पडते, म्हणून हात लावत नाही." त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुकानदारानं गिअर किती ते सांगितलं, वापरायचे कसे ते नाही.

माझं कारण मात्र अज्ञान नव्हतं, अहंकार होता. मला वाटायचं मोठी चक्री म्हणजे वेग, लहान चक्री म्हणजे शरणागती. ५० ची चक्री पुढे, मागे चौदा-पंधरा, आणि त्याच्यावर मी चढही काढायचो, तसाच उभा राहून, तसाच दात आवळत. रोड बाईक घेतली पण पाय बाबांच्या सायकलवरचेच राहिले. खरं तर त्याहून वाईट. त्या गिअरला एका फेरीत सात मीटरच्या वर अंतर जातं. म्हणजे बाबांच्या सायकलपेक्षा जड. हलकी सायकल घेऊन मी माझं काम जड करून ठेवलं होतं, आणि त्याला प्रगती म्हणत होतो.

चवथीच्या आधीची गोष्ट. एका सकाळी चढावर मी त्याच पोदेराला ओलांडलं. तो चालत होता, मी पायडलवर उभा, कण्हत. वर पोचून झाडाखाली थांबलो, छाती भात्यासारखी. पाच मिनिटांनी तो वर आला, सायकलवर बसायच्या आधी थांबला आणि माझ्या मागच्या चक्र्यांकडे बोट दाखवून विचारलं, "इसमें हलका नहीं है क्या?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "फिर?" आणि भोंपू वाजवत निघून गेला.

त्या "फिर"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं आणि जिना उतरताना कळ यायला लागली, तेव्हा डॉक्टरांनीही वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. पाय हळू आणि जोरात दाबण्यापेक्षा हलके आणि भरभर फिरव, म्हणाले. तीन आठवडे सायकल बंद.

त्या तीन आठवड्यांत मी वाचलं, आणि आपण एकटेच मूर्ख नाही हे कळून जरा बरं वाटलं. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. ती सुरू करणारे आंरी देग्रांज गिअरच्या कट्टर विरोधात होते. त्यांचं म्हणणं साधारण असं की गिअर हे वय झालेल्यांसाठी, शर्यत जिंकायची ती स्नायूंच्या बळावर. त्यामुळे आल्प्स आणि पिरेनीजचे डोंगर चढताना त्या काळचे स्पर्धक मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या चक्र्या लावून घ्यायचे आणि चढाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटं करून बसवायचे. म्हणजे जगातले सगळ्यात दमदार सायकलपटूसुद्धा चढाखाली उतरतच होते. आमचा पोदेर उतरून चालतो, ते उतरून चाक फिरवायचे. गिअर बदलणारा डिरेलर त्या शर्यतीत सगळ्यांना वापरायला मिळाला तो १९३७ मध्ये, देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाल्यावर. दुसरीकडे सेंत-एत्येन गावचे पॉल द व्हिवी, जे 'वेलोसिओ' या नावानं लिहायचे, ते त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते की डोंगराळ भागात माणसाला एकापेक्षा जास्त गिअर हवेत. वाद सायकलीच्या यंत्राचा दिसतो, पण आत तो वेगळाच आहे. कष्ट किती केले त्यावरून माणसाची किंमत करायची की काम झालं का त्यावरून?

आपल्या घरांतही हा वाद चालतो. मिक्सर असताना पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचं कौतुक मीही करतो. पण वाटणाऱ्या आजीच्या खांद्याचं काय झालं ते विचारत नाही.

बरा झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. सगळ्यात हलका गिअर: पुढे ३४, मागे ३२. एका फेरीत सव्वादोन मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटर. याच वेगानं बाबांच्या सायकलवर चढ काढायचा तर मिनिटाला जेमतेम पंचवीस फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला जवळजवळ अडीचपट जोर. सायकलचं वजन धरलं तर त्याहून थोडा जास्तच. वर चढायची उंची तीच. गिअर काही फुकट देत नाही, पदार्थविज्ञानात तसं चालत नाही. फक्त एक मोठी नोट मोडून सुट्टे पैसे द्यावे तसा तो भार मोडून देतो. गुडघ्याला सुट्टे परवडतात.

मग शिकलो. खरंच शिकावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांच्या सायकली गंजताहेत त्यांनी हा भाग तरी वाचावा.

रोड बाईकचे गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच असतात. माझ्या सायकलच्या उजव्या हाताला मागच्या आठ चक्र्या: ब्रेकचं मोठं लिव्हर आत ढकललं की चेन मोठ्या चक्रीवर जाते आणि पायडल हलकं होतं. डाव्या हाताला पुढच्या दोन: तिथेही मोठं लिव्हर आत ढकललं की चेन मोठ्या चक्रीवर जाते, पण पुढची चक्री मोठी झाली की पायडल जड होतं. म्हणजे एकच हालचाल, एका हातानं हलकं, दुसऱ्या हातानं जड. पहिल्या आठवड्यात मी चढावर नेमकं उलटं करून दोनदा पडता पडता वाचलो. यावर उपाय एकच, पहिले काही दिवस डाव्या हाताला हातच लावायचा नाही. पुढे लहान चक्री ठेवायची आणि उजव्या हातानं मागचे आठ खेळवायचे. आपल्या रस्त्यांना तेवढे पुरतात.

दुसरं, गिअर बदलायचा तो चढ लागायच्या आधी. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलला की तो भयंकर कडकड आवाज येतो आणि चेन पडते. माझ्या मित्राची पडायची ती म्हणूनच. बदलताना पाय फिरते ठेवायचे, पण जोर अर्धा सेकंद सैल करायचा. तिसरं, पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी असं ठेवायचं नाही, चेन तिरकी ओढली जाते. म्हणून सोळा म्हणायचे, कामाचे अकरा-बाराच. बस, एवढंच आहे. तीन संध्याकाळी रिकाम्या मैदानात फेऱ्या मारल्या की येतं.

हे येईपर्यंत मला वाटायचं की गिअरवाल्याला रस्त्याकडे बघावं लागत नाही. उलट आहे, आणि इथेच मला बाबांच्या सायकलचे उपकार मानायचे आहेत. एकच गिअर असलेल्या सायकलवर माणूस रस्ता वाचायला शिकतो. पूल यायच्या आधी उतारावर ब्रेक न लावता सोडायचं, सखल भागात चार-पाच जोरात फेऱ्या मारून ती सगळी गती समोरच्या चढावर नेऊन ओतायची. वळणावर म्हैस असेल का, खड्डा पाण्यानं भरला असेल का, हे आधीच डोक्यात असायला हवं, कारण एकदा गती मोडली की ती परत मिळवायची किंमत मांड्या मोजतात. दोन वर्षं मी हेच करत आलो होतो. रोड बाईकवर आधी बदलायची सवय मला लवकर लागली ती याच्यामुळेच. ज्यांनी पहिलीच सायकल गिअरची घेतली त्यांना चढ पायाखाली आल्यावर दिसतो, असं माझं निरीक्षण आहे. चुकत असेन तर सांगा.

मग फरक काय पडला? घर ते कॉलेज बाबांच्या सायकलवर पंचेचाळीस मिनिटं लागायची. आता छत्तीस. नऊ मिनिटं. अठरा हजार भागिले नऊ असा हिशोब माझ्या बहिणीनं मांडून दाखवलाय, तो इथे देत नाही. वेगासाठी रोड बाईक घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. खरा फरक वेगळा आहे. आता मी पहिल्या तासाला बसतो तेव्हा मांड्या थरथरत नाहीत, आणि संध्याकाळी घरी जायचं म्हणून पोटात गोळा येत नाही. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूनं चोर्ला घाट चढून गेलो. सगळ्यात हलक्या गिअरवर, इतक्या हळू की एका मोटारसायकलवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "पंक्चर?" पण वर पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला. बाबांच्या सायकलवर तो घाट मी चढलोच नसतो. चालत गेलो असतो, आणि मग सायकल कशाला.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही.

रोड बाईकला कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, चेनवर कव्हर नाही. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मागच्या चाकाचं लाल पाणी थेट पाठीवर येतं. माझ्या तीन पांढऱ्या शर्टांचा तो रंग आता कायमचा आहे. बॅग पाठीवर, डबा बॅगेत, सांबार वहीत. बाबांच्या सायकलवर आईला बसवून मी बाजारात नेलंय, गॅसचा सिलिंडर आणलाय, चवथीची माटोळी आणलीय. या सायकलवर एक नारळ आणायचा तर टी-शर्टच्या आत घालावा लागतो. ओल्या रिमवर ब्रेक लागायला वेळ लागतो. चेन दर आठ दिवसांनी पुसून तेल द्यावं लागतं, नाहीतर खारी हवा आणि पाऊस मिळून तिचं वाटोळं करतात. बाबांची चेन कव्हरच्या आत वर्षभर बिनतक्रार राहायची. ती रुंदही असते, सरळ रेषेत धावते, झिजतेही सावकाश.

आणि पंक्चर. जुन्या सायकलचं पंक्चर अस्नोड्यातच काय, कुठल्याही तिठ्यावर निघतं. व्हॉल्वमधली ती रबराची नळी बदलली की काम झालं. माझ्या सायकलच्या ट्यूबला प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व आहे, आणि तो बघून आमच्या गावातल्या दुकानदारकाकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे पेनाचं टोपण कशाला लावलंय?" त्यांचा पंपच त्याला बसेना. त्या दिवशी मी सात किलोमीटर सायकल हातात धरून चाललो. पोदेराच्या गिअरवर. घरी पोचेपर्यंत विचार करायला वेळ भरपूर होता.

म्हणून म्हणतो, शिडी खोटी आहे. ज्याचा रस्ता चार-पाच किलोमीटर आणि बऱ्यापैकी सपाट, ज्याला डबा, छत्री, धाकटी बहीण न्यायची आहे, त्यानं बिनगिअरचीच सायकल घ्यावी. तिच्याहून चांगलं यंत्र त्याला मिळणार नाही. ज्याला दूर जायचंय आणि मधे चढ आहेत, त्यानं गिअरची घ्यावी आणि गिअर वापरावेत. गिअर असून न वापरलेली सायकल ही दोन्हीपेक्षा वाईट. तिला काळ्या सायकलचा साधेपणा नाही आणि गिअरचा उपयोग नाही. आहे ते फक्त जड लोखंड, गंजलेली तार आणि पार्किंगमधला रुबाब. त्या रुबाबापायी आपण एका मुलाची सायकल महिनाभर बंद पाडली. अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन. बातमी तेव्हा सगळ्यांनी हळहळत फॉरवर्ड केली होती. त्याच काळ्या सायकली आपल्या गेटातून आत आल्या की आपण भोंपू वाजवतो.

काहीजण म्हणतील, थट्टा होती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मीही तेच म्हणालो असतो. पण थट्टेत शिवी म्हणून वापरलेला शब्द कुठला होता ते बघा. ज्याच्या हातचा पाव खाऊन आपण सगळे कॉलेजला येतो, त्याचं नाव.

तो मुलगा ऑगस्टच्या शेवटी परत सायकलनं येऊ लागला. माझ्यामुळे नाही, कदंबाच्या पासचे पैसे संपले म्हणून; त्यानंच सांगितलं. एक दिवस त्यानं माझी सायकल मागितली. मी सीट खाली करून दिली, उजव्या हाताचं समजावलं, डाव्याला हात लावू नको म्हटलं. तो मैदानाला चार फेऱ्या मारून आला. पहिल्याच फेरीत त्यानं चढाच्या आधी गिअर हलका केला, माझ्याकडून जे दोन महिने झालं नव्हतं ते. उतरला, सायकल भिंतीला नीट टेकवली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "बरी आसा. पण डबा खंय लावपाचो?"

मी त्याची काळी सायकल घेऊन दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक जरा सैल होते, ते आम्ही आवळले.

शेवटी एक कामाची गोष्ट. फादरांशी बोलून आम्ही जिमखान्याच्या खोलीत एक उभा पंप, पंक्चरचं सामान, दोन पाने आणि तेलाची बाटली ठेवली आहे. कुणालाही वापरता येईल, गिअर असोत नसोत. गिअर शिकायचे असतील तर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर मी मैदानावर असतो. पंप दाराच्या मागे आहे. प्रेस्टा व्हॉल्वला लागणारी छोटी पितळी टोपी त्याच्याच हँडलला दोऱ्यानं बांधलेली आहे. याआधीच्या दोन हरवल्या, तेव्हा ही सोडलीत तर परत बांधून ठेवा.